दोरीचं दुसरं टोक

(हिंगोलीतलं टीव्हीचं दुकान. मे महिन्यातली दुपार.)

कौशल्याबाई: टेप कशाला काढता भाऊ? मी मोजूनच आणलंय. ही धरा. ह्या टोकापास्नं त्या गाठीपरेंत.

देविदास: मावशी, ही तर शेळीची दोरी दिसते.

कौशल्याबाई: शेळीचीच हाय. धुऊन वाळवून आणली. धरा बिनधास्त, वास येत न्हाई.

प्रभू: माय, ठिव ना ती पिशवीत. लोक बघून राहिलेत.

कौशल्याबाई: बघू दे की. चोरून आणली का? ह्यो म्हणत व्हता भाऊ, तू कशाला उन्हाची येती, मी एकटाच घेऊन येतो. म्हणलं, दोरी मी मोजली, तर दोरीसंगं मीच येणार. औंढ्याला गाडी बदलून आलो आमी.

देविदास: चांगलं केलं. गिऱ्हाईक इथं येतं, भिंत केवढी विचारलं की दोन्ही हात पसरून दाखवतं. ही दोरी भिंतीची का?

कौशल्याबाई: भिंतीची न्हाई. भिंतीपास्नं ह्येच्या बापाच्या उशीपरेंतची. माळावर मेंढरामागं पाय घसरला, खुबा मोडला त्यांचा. तवापास्नं खाटंवरच हायेत. बघणारा माणूस जिथं पडून हाय तिथूनच मोजाया पाहिजे ना?

देविदास: बराबर! मावशी, हे माझ्या नव्या पोरांना शिकवून शिकवून थकलो मी. आणा, टेप लावू. हां... बारा फूट. साहेब, वहिनी नाही आल्या आज?

कौशल्याबाई: कोणती वहिनी?

प्रभू: राधिका, माय. मागं बाजाराला आलतो दोघं, तवा सहज डोकावून गेलो.

कौशल्याबाई: अगं बाई! घरी काहीच बोलली न्हाई ती. मी रोज इचारून राहिले, राधिका, टीव्ही ह्या कोपऱ्यात लावू का त्या? तर म्हणती, तुमाला बरं वाटंल तिथं लावा आत्या. लई गरीब स्वभाव. कोणता आवडला तिला?

देविदास: हा. त्रेचाळीस इंची. बघा, चित्र कसं आहे.

कौशल्याबाई: ह्याच्यावर बी मासे! सगळ्या टीव्ह्यांवर मासेच काहून लावून ठिवलेत?

देविदास: रंग उठून दिसतात, म्हणून.

कौशल्याबाई: आन हे इस्मार्ट इस्मार्ट म्हणतेत ते काय असतंय? आमच्या शेजारच्या नीलाबाईनं सांगितलं, घ्यायचा तर त्योच घे.

देविदास: हे बघा, रिमोटच्या ह्या बटणावर बोट ठेवायचं आणि तोंडानं सांगायचं. जे सांगाल ते दाखवतो. मराठी कळतं त्याला.

कौशल्याबाई: आमचं मराठी?

देविदास: बोलून तर बघा.

कौशल्याबाई: काय बोलू? हां. ए... मेंढरं दाखव.

देविदास: घ्या. आली.

कौशल्याबाई: बाई गं! आली की खरंच! पर ही कुठली? कापूस पिंजून ठिवल्यावाणी फुगलेत.

देविदास: फॉरेनची आहेत.

कौशल्याबाई: नगं नगं. ए, काळी दाखव. आपल्याकडची. माळावरची. हां... हां, ही. प्रभू, ह्यो पुढचा मेंढा बघ. आपल्या वाघ्यावाणीच मान टाकून चालतो का न्हाई?

प्रभू: व्हय. चल आता, उशीर होऊन राहिला.

कौशल्याबाई: थांब रे. भाऊ, ह्येच्या आबानं उभा जनम मेंढरामागं काढला. आता दिसभर छताकडं बघून पडलेले असतेत. बोलत न्हाईत, इचारलं तर 'हं' करतेत. मी काय ठरवलंय, सकाळी उठलं की त्यांना हे लावून द्यायचं. दुपारच्याला रुद्रची कार्टूनं. माझा नातू. आन सैपाक आवरला की राधिकाच्या मालिका. त्यापाईच नवी बैठक बांधली आमी. सगळी मेंढरं इकली तिच्यात. ह्योच म्हणला व्हता, माय, आता माळ पुरे झाला, सगळे एका छताखाली बसू. म्हणला का न्हाई रे?

प्रभू: म्हणलो व्हतो.

कौशल्याबाई: लाजतो काहून मंग? चांगलंच म्हणला व्हता.

देविदास: मग मावशी, खरं सांगू का, बारा फुटांवरून त्रेचाळीस लहान पडेल. आजोबांना मेंढ्या दिसतील, पण मुंग्यांएवढ्या. पन्नासचा घ्या, नाहीतर पंचावन्नचा. साहेब, तुम्ही तर त्या दिवशी सात फूट म्हणाला होतात.

कौशल्याबाई: सात? आरं, हितल्या मोंढ्यात कामाला हाय ना, शेतकऱ्याची हळद अशीच तोलतो का तू?

प्रभू: अंदाजानं बोललो असंल. ते राहू द्या. त्रेचाळीसच द्या तुमी.

कौशल्याबाई: ह्ये सांगून राहिलेत ना, लहान पडतो म्हणून?

प्रभू: मोठ्यानं डोळ्याला तकलीफ होती, माय.

देविदास: नाही साहेब, तसं काही नसतं. बारा फूट आरामशीर... अच्छा, अच्छा, तुमचं ते दार-खिडकीचं आहे ना! वहिनींनी मोबाईलमध्ये फोटो दाखवला होता. दार आणि खिडकी, दोन्हींच्या मधली भिंत. तिथं पन्नासचा बसणारच नाही, खरं आहे.

कौशल्याबाई: कोणतं दार?

देविदास: बैठकीतलं.

कौशल्याबाई: आमच्या बैठकीत त्या भिंतीला ना दार हाय, ना खिडकी. मिस्त्री ठिवू म्हणत व्हता, मीच ठिवू दिली न्हाई. वारं थेट खाटंवर आलं असतं.

प्रभू: दुसरा फोटो असंल तो. देविदासभाऊ, तुमी बिल करा.

कौशल्याबाई: थांबा. भाऊ, त्या फोटोत खाली फरशी कोणती व्हती?

देविदास: आता... एवढं कुठं आठवतं मावशी.

कौशल्याबाई: आठवा की. गिऱ्हाईकाची भिंत आठवती, फरशी आठवत न्हाई?

देविदास: पांढरी होती वाटतं. टाईल.

कौशल्याबाई: आमची शहाबादी हाय. काळी. रोज मी पुसती.

प्रभू: देविदासभाऊ, ते तिकडचं गिऱ्हाईक बघता का जरा?

कौशल्याबाई: कुठं जाऊ नका भाऊ, हितंच उभे ऱ्हा. पोटच्या पोरापेक्षा तुमच्याकडूनच मला कळून राहिलंय. बोल रे प्रभू. कोणाच्या घरातली टाईल हाय ती?

प्रभू: माय, घरी गेल्यावर बोलू ना.

कौशल्याबाई: हितंच बोल.

प्रभू: नाक्याकडं जागा बघितली. भाड्यानं. दोन खोल्या हायेत, पर नळाला पाणी येतं, वायफाय लागलंय. रुद्रचं नाव हितल्या शाळंत घातलं. शाळा सुरू व्हायच्या आधी... येणार हाव आमी तिघं.

कौशल्याबाई: येणार म्हंजी?

प्रभू: राह्यला.

कौशल्याबाई: आन ह्यो टीव्ही?

प्रभू: हितला हाय. तुमाला राधिकाच्या माहेरचा जुना आणून ठिवणार व्हतो, तो छोटा. मी लावून देणार व्हतो आबाच्या समोर, शपथ.

देविदास: मावशी, खुर्ची घ्या. बसा. पाणी मागवतो.

कौशल्याबाई: तरीच. तरीच तुमाला बरं वाटंल तिथं लावा आत्या! बरं वाटंल तिथं! आन मी येडी, तिला गरीब समजून राहिले. भिंत तीनदा पुसली मी, प्रभू. तिथलं कॅलेंडर काढलं, देवाचा फोटू काढून दुसरीकडं लावला. तू शेजारी उभा राहून बघत व्हता. खिळा मीच काढते म्हणलं तर तूच काढून दिला. लाज न्हाई वाटली?

प्रभू: वाटली, माय. दर येळी आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. पर माझं बी ऐक ना. रोज फटफटीवर जायचं, यायचं. रात्री घरी येतो तवा लेकरू झोपलेलं असतंय. राधिका म्हणती, रुद्र तुमाला पावणा समजतो. मोंढ्यातल्या हमालाची पोरं हितं इंग्रजी शाळंत जातेत, माझं काहून जाऊ नये?

कौशल्याबाई: जावं की! मी कवा न्हाई म्हणले?

प्रभू: सांगितलं असतं तर तू हो म्हणली असती?

कौशल्याबाई: न्हाई म्हणले असते. भांडले असते. दोन दिस जेवले नसते. आन तिसऱ्या दिशी तुमची भांडीकुंडी मीच पोत्यात बांधून दिली असती. पापड, कुरडया, शेवया, लोणच्याची बरणी... सगळं दिलं असतं रे. आता काय देऊ? तू मला द्यायला बी काही ठिवलं न्हाई.

प्रभू: माय, रडू नको.

कौशल्याबाई: रडू दे. मला लई लागलंय. तू गावाला ऱ्हा का शहरात ऱ्हा, त्याचं न्हाई. मला फसवलं तुमी. मी त्या खोलीत कोण कुठं बसंल ते ठरवून राहिले, आन तुमी दोघं नवरा-बायको माझ्या माघारी हितं भिंतीचा फोटू दाखवून राहिले. ह्या भाऊला ठाऊक, मला ठाऊक न्हाई!

देविदास: मावशी, मला खरंच माहीत नव्हतं हो, तुम्हाला सांगितलेलं नाही ते.

कौशल्याबाई: तुमचा काय दोष? तुमी खरं बोलले म्हणून कळलं. आता मला त्यांची फिकीर हाय, घरी पडलेत त्यांची. त्या माणसाला मी कसं सांगू? सकाळी मला म्हणले, उशी जराशी उंच कर, टीव्ही आल्यावर नीट दिसंल. लेकरू जाणार म्हणलं तर ते तोंडात घास घ्यायचे न्हाईत. नातवाच्या आवाजावर जगून राहिलाय तो माणूस. प्रभू, तूच सांग त्यांना. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई.

प्रभू: माय...

कौशल्याबाई: तूच सांगायचं. आजच. मी शेळ्या सोडायच्या निमतानं बाहीर जाईन.

प्रभू: माय, आबाला ठाऊक हाय.

कौशल्याबाई: काय ठाऊक हाय?

प्रभू: समदं. मी त्यांनाच इचारून जागा घेतली. त्यांना इचारल्याबगर कसा घेईन?

कौशल्याबाई: कवा इचारलं?

प्रभू: सक्रांतीला. तू वाण द्यायला नीलाबाईकडं गेलती. आबा म्हणले, जा, लेकराचं भलं कर. पर मायला एवढ्यात सांगू नको. टीव्ही येऊ दे, तिचं मन लागू दे, मंग मी सांगतो तिला. टीव्हीचं बी त्यांनीच सुचवलं. ते सांगतील म्हणून मी बी थांबलो. मंग तू दोरी घेऊन निघाली, तरी त्यांनी सांगितलं न्हाई.

कौशल्याबाई: सक्रांतीपास्नं.

प्रभू: तुला दुःख होऊ नये म्हणून, माय. दुसरं काही न्हाई.

कौशल्याबाई: काल सांजच्याला मोजली मी ही दोरी. मी भिंतीपाशी उभी व्हते. दुसरं टोक कोणाच्या हातात व्हतं, ठाऊक हाय तुला?

प्रभू: आबाच्या?

कौशल्याबाई: त्याच्याच. उशीला लावून धरलं व्हतं. आन मला म्हणला, नीट ताण गं, ढिली हाय तुझ्याकडं. मी ताणली. हसला बी. लई दिसांनी हसला म्हणून मी रात्री देवाला साखर ठिवली.

प्रभू: त्यांचा बी इचार चांगलाच व्हता, माय.

कौशल्याबाई: सून परक्या घरची. तू तरणा, तुला तुझा संसार. तुमचं मी एखाद दिशी गिळून टाकीन. पर त्यो? त्याचं हागणं-मुतणं काढून राहिले मी. उन्हाळा, पावसाळा, त्याच्या पायतळी निजते. त्यानं दोरी धरावी?

देविदास: मावशी, पाणी घ्या थोडं.

कौशल्याबाई: द्या.

प्रभू: माय, असं करू. दोन टीव्ही घेऊ. मी हप्त्यानं घेतो. हा आमाला, आन तो पन्नासचा तुमाला. आबाला मेंढरं दिसतील ना मोठी. तूच तर म्हणली.

कौशल्याबाई: त्याला मेंढरं बघायची असतील तर त्यानंच मला सांगावं. तोंड हाय त्याला. खुबा मोडलाय त्याचा, जीभ मोडली न्हाई.

प्रभू: मंग आता काय करायचं? मोकळ्या हातानं जायचं का?

कौशल्याबाई: तू काहून मोकळ्या हातानं जाशील? भाऊ, ह्येला हाच द्या, त्रेचाळीसचा. ह्येच्या भिंतीला ह्योच बसतो. ह्येच्या बायकोच्या पसंतीचा हाय. आन नीट बांधून द्या, फुटू-बिटू देऊ नका, लेकराच्या घरात जायचाय.

देविदास: आमचा माणूस येऊन लावून देतो मावशी. काळजी करू नका.

कौशल्याबाई: आन ती मेंढरं बंद करा तेवढी. कवापास्नं चालूनच राहिलीत बिचारी.

देविदास: केली.

प्रभू: माय, तू हितंच बस. मी बिल करतो, मंग संगंच जाऊ. जागा बी दाखवतो तुला. जवळच हाय.

कौशल्याबाई: मला औंढ्याची गाडी गाठायची. घरी त्याला उठवून बसवायचं, गोळ्या द्यायच्या. त्या काही दुसरं कोणी देणार न्हाई.

प्रभू: आबाला बोलू नको काही. त्यांचा जीव...

कौशल्याबाई: न्हाई बोलत. त्यानं मला सक्रांतीपास्नं काही सांगितलं न्हाई. मी बी आज काही सांगणार न्हाई. इचारलं तर म्हणीन, टीव्ही पसंत पडला न्हाई.

देविदास: मावशी, तुमची दोरी राहिली.

कौशल्याबाई: आणा. आन भाऊ, तेवढी गाठ सोडून द्या. मी लई आवळून मारलीय.

देविदास: गाठ सोडली तर माप जाईल ना तुमचं.

कौशल्याबाई: जाऊ द्या. शेळीला पुरी दोरी लागती.