दोन्ही बाजूंना

अमळनेरच्या बसची वाट पाहत बसलेल्या शीतलच्या कानावर शेजारचं बोलणं पडत होतं. जीवरामनाना समरकंदच्या सहलीला निघणार होते आणि तिकडे जाऊन आलेला हितेंद्र त्यांना सांगत होता.

“नाना, एप्रिलात जा. हवा चांगली असते. निळे घुमट सकाळच्या उन्हात बघा.”

“तठे कपाशी शे ना?”

“भरपूर. पण कापूस फुटतो सप्टेंबरात.”

“मग सप्टेंबरातच जातो.”

“बरं. तिथून बुखाऱ्याला रेल्वेनं जा.”

“खिडकी कोणत्या बाजूची घेऊ?”

“गाडीतून घुमट दिसत नाहीत, नाना.”

“वेचणी तर दिसेल. वेचणीच्या दिवसांत मी जन्मात कधी घर सोडलं नाही. औंदा पोरांनी सगळ्या वावरात केळी लावली.”



“दोन्ही बाजूंना कापूसच आहे, नाना. कुठंही बसा.”