विमानतळावर ठेवलेले प्रस्थान

माझे नाव भैयाजी रामाजी धकाते, वय ५७ वर्षे, धंदा खासगी सुरक्षा रक्षक, त्याआधी हातमागावर विणकाम, राहणार सक्करदरा तलावामागे, नागपूर. आज गुरुवारी मला पोलीस ठाण्यात आणून विचारपूस केल्यावरून मी समक्ष सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी तुळजाबाई व मुलगी प्रणाली, वय २४ वर्षे, यांच्यासह राहतो. मुलगी नर्स आहे. तिला जर्मनीतील एका रुग्णालयात नोकरी लागली असून आज दुपारच्या विमानाने मुंबईस व तेथून रात्रीच्या विमानाने पुढे जायचे होते. रात्रीचे विमान चुकले तर नोकरी राहील की नाही, हे मला माहीत नाही. तिलाही माहीत नाही.

आमच्या घरी दूरच्या प्रवासाला निघायची वेळ पंचांगात बरी नसेल तर प्रस्थान ठेवतात. म्हणजे आधीच्या चांगल्या वेळी प्रवाशाच्या नावाने एक लहान गाठोडे जायच्या दिशेला, घराबाहेर नेऊन ठेवायचे आणि प्रत्यक्ष निघताना ते उचलून सोबत घ्यायचे. गाठोडे निघाले म्हणजे माणूस निघाला, मग तो घरी बसून जेवला तरी चालते. आज मुलीची घरून निघायची वेळ राहुकाळात येत होती. विमान कंपनीला राहुकाळ सांगून उपयोग नाही, एवढे मला कळते.

प्रस्थान शक्यतो शेजाऱ्याकडे नाहीतर देवळात ठेवतात. माझा मोठा मुलगा आयुष पुण्याला नोकरीवर गेला तेव्हा मी ते बसस्थानकासमोरच्या ओळखीच्या चहावाल्याकडे ठेवले होते आणि त्याचे सर्व चांगले झाले. विमानतळावर माझ्या ओळखीचा चहावाला नाही. म्हणून आज सकाळी मी मोपेडने तेथे गेलो व आत जायच्या दरवाजापासून थोडे दूर, बाकाजवळच्या मोठ्या कुंडीमागे गाठोडे ठेवले. त्यात तांदूळ, हळकुंड, सुपारी व एक रुपया होता. कापड पत्नीच्या जुन्या लुगड्याचे, लाल काठाचे. ते लुगडे मीच विणलेले होते. मी हात जोडले व घरी आलो.

मला विचारण्यात आले की, तुम्ही स्वतः मॉलच्या दारावर लोकांच्या बॅगा तपासता, बेवारस वस्तू ठेवू नये हे तुम्हाला माहीत नाही काय? माहीत आहे. आमच्या मॉलमध्ये दिवसभर तेच वाजते. परंतु मला ते गाठोडे बेवारस वाटलेच नाही. बेवारस म्हणजे ज्याला कोणी नाही ते. त्यात तर माझी मुलगी निघालेली होती. हे वाक्य लिहायचे काय, असे साहेबांनी विचारले. मी लिहा म्हणालो.

माझ्या कामाबद्दल आणखी विचारल्यावरून सांगतो की, इतक्या वर्षांत मला लोकांच्या बॅगांत जेवणाचे डबे, तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि एकदा जिवंत कोंबडी सापडली. अतिरेकी सापडला नाही. तो माझ्या भीतीने आला नाही की त्याला यायचेच नव्हते, हे मला सांगता येत नाही. कोणालाच सांगता येत नसावे. तरी मी प्रत्येकाला चेन उघडायला लावतो, कारण न लावण्याची माझी हिंमत नाही.

मुलीला मी प्रस्थानाचे सांगितले नव्हते, कारण ती चिडते. काल मी डब्यातून हळकुंड काढत असता ती म्हणाली, "बाबा, हळकुंड काहून काढून राहिले तुम्ही? जर्मनीत हे काही चालत नाही." त्यावर मी म्हणालो, "मी कुठं जर्मनीले चाललो वं? मी सक्करदऱ्यातच हाओ." ती हसली नाही. विषय तेथेच संपला.

दुपारी आम्ही तिघे ऑटोने विमानतळावर पोहोचलो. मुलगी ट्रॉली आणण्यास गेली. मी व पत्नी सामान उतरवत होतो. पत्नी रडत असल्याने वेळ लागला. मुलगी ट्रॉली घेऊन आली, आमच्या पाया पडली. शेवटच्या क्षणी गाठोडे हातात दिले तर ती नाही म्हणणार नाही, असा विचार करून मी कुंडीकडे गेलो. कुंडीमागे काही नव्हते. मी वळून पाहिले तोवर मुलगी दरवाजातून आत गेली होती.

मी बाकाखाली, दुसऱ्या कुंड्यांमागे पाहिले. पोर अपशकुनानेच निघाली असे मला वाटले. म्हणून मी स्वतः दरवाजावरील जवानाकडे जाऊन म्हणालो, "साहब, सुबह मैंने यहाँ एक गठरी रखी थी, अब दिख नहीं रही." त्यांनी कशासाठी ठेवली असे विचारले. मी म्हणालो, "लड़की के हाथ अंदर भेजनी थी." त्यांनी लगेच माझा दंड पकडला. त्यांचा दोष नाही. असे बोलणारा माणूस माझ्या दारावर आला असता तर मीही त्याचा दंड पकडला असता.

त्यानंतर आतले सर्व लोक बाहेर काढण्यात आले. कुत्रे आणले, दरवाजाभोवती पट्टी बांधली. विमान थांबवले. म्हातारी माणसे उन्हात उभी होती आणि सर्व जण माझ्याकडे बघत होते. त्या गर्दीत मुलगी दिसली. मी ओरडून म्हणालो, "घाबरू नको वं, काही नाही!" तिने मान खाली घातली. बापाची लाज वाटून तिने तसे केले असे मला वाटले व फार वाईट वाटले. नंतर मला येथे आणले. पत्नी बाहेर कोठेतरी बसली आहे. दार बंद असल्याने ती दिसत नाही.

येथे मला वेगवेगळ्या साहेबांनी येऊन एकच गोष्ट विचारली की, गाठोड्यात काय होते? मी दर वेळी तांदूळ म्हणतो आणि दर वेळी तो मलाच थोडा खोटा वाटू लागतो. गाठोडे सापडत नाही तोवर माझ्याकडे दाखवायला काही नाही. ते सापडले म्हणजे सर्वांची खात्री होईल. मुलीला यातले काहीही माहीत नाही. तिने ते गाठोडे पाहिलेलेसुद्धा नाही. तिला संध्याकाळच्या विमानाने तरी मुंबईस जाऊ द्यावे, माझे काय करायचे ते सावकाश करावे.

येथपर्यंत लिहून झाल्यावर साहेबांना फोन आला. ते बाहेर जाऊन परत आले व म्हणाले की, गाठोडे सापडले. दुसऱ्यांदा झडती घेतली तेव्हा ते मुलीच्या पर्समध्ये निघाले. पहिल्या वेळी ते यंत्रातून गेलेही होते. यंत्राला त्यात तांदूळ दिसला होता. यंत्र बरोबर होते.

मुलीने तेथील पोलिसांना सांगितले की, ट्रॉली आणायला गेली असता तिने काठावरून कापड ओळखले. "बाबांले बरं वाटते म्हणून उचललं. त्यांच्यासमोर घ्यायची लाज वाटली," असे ती म्हणाली. पुढे सर्वांना बाहेर काढले तेव्हा ती इतकी घाबरली की तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. हे ऐकून मला फार आनंद झाला.  मग साहेब म्हणाले, "धकाते, वस्तू जवळ ठेवून मुलगी गप्प राहिली. विमानतळ रिकामा झाला तरी बोलली नाही. समजतं का तुम्हाला?" तेव्हा मला समजले की, आता सगळे मुलीवर येणार.

मी वरचा मजकूर खोडा म्हणालो. लिहिलेले खोडता येत नाही, पुढे जोडता येईल, असे साहेब म्हणाले.

म्हणून जोडून सांगतो की, गाठोडे उचलून पर्समध्ये ठेव, असे मीच मुलीला सांगितले होते. कोणी कितीही विचारले तरी बोलू नको, असा दमही मीच दिला होता. ती माझा शब्द मोडत नाही. कुंड्यांमागे शोधणे व जवानाला विचारणे हे सर्व मी मुद्दाम केले.  साहेबांनी पेन खाली ठेवून मला पाणी दिले व म्हणाले, "काका, हे असं लिहिलं तर सगळं तुमच्यावर येते." मी म्हणालो, "मले समजते साहेब. तुम्ही लिहा. नाही तं तिचं विमान सुटन."

वरील जबाब मला मराठीत वाचून दाखवला. आधीचे व नंतरचे सांगणे एकमेकांशी जुळत नाही, हेही दाखवून दिले. दोन्ही माझ्याच तोंडचे आहे. नंतरचे खरे धरावे. मुलीला सोडले काय, असे मी विचारले असता आधी सही करा असे सांगण्यात आले, म्हणून सही करीत आहे.