आक्कानं उपसलेला धागा

परवा दारात गाडी असून आम्ही निपाणीला बसनं का गेलो, ते ऐका तर.

गाडी लई दम खात होती, म्हणून इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर मी घरीच काढला. त्याच्यावर साफ करायचा स्प्रे मारला, कट्ट्यावर वाळत ठेवला आणि हात धुवायला आत गेलो. तेवढ्यात माझी थोरली बहीण, आक्का, वडगावहून आली. तिच्या नातवाचं बारसं होतं निपाणीला, आणि मीच तिला घेऊन जाणार होतो. आक्काचा सगळा जन्म मागावर साड्या विणण्यात गेलाय.

बाहेर येऊन बघतो, तर सेन्सर तिच्या हातात.

"आत केसागत धागा अडकलता रं," ती म्हणाली. "चिमट्यानं वडून काढला बघ."

मी सेन्सर आणि चिमट्यातला तो धागा, दोन्ही तिच्या हातातनं हिसकावून घेतले.

"आक्का, त्यो धागा न्हाय गं! ती तार हुती! तीच हवा मोजती! आता सेन्सर मेला की!"

आक्कानं शांतपणे चष्मा पुसला.

"मग वराडतोस कशाला? आण ती हिकडं. अशी गाठ मारीन, कुणाला दिसायची न्हाय."