यांच्या नावची संमती

हॅलो? … हो, मीच. बोला भाऊजी. … आलीय ना, सकाळीच आली जर्नलची मेल, छापण्याआधी शेवटची संमती मागतायत. यांच्याच नावावर येतात अजून.

वाचतेय. … वाचू द्या की. मागच्या वेळी कुठं वाचलं? यांना जाऊन चार दिवस झाले होते, घर माणसांनी भरलेलं. तुम्ही म्हणालात, वहिनी, माझ्याबरोबर त्यांचीही संमती हवीय, एक बटण दाबा, शोधनिबंध अडकलाय. … नाही, दोष नाही देत. डोळे झाकून मीच दाबलं.

ऐका ना. इथं लिहिलंय, औषध चोपन्न रुग्णांना दिलं. … चोपन्न कसे? यांच्या वहीत साठ आहेत. … अहो, संशोधनातलं मला काही कळत नाही, पण साठातून चोपन्न गेले की सहा राहतात, एवढं कळतं.

… मधेच सोडून गेले? नाही हो. उलट्या थांबेनात म्हणून यांनीच औषध बंद केलं त्यांचं. एकेकाच्या घरी जाऊन आले होते.

… मला कसं ठाऊक? पंधरा दिवस जेवताना दुसरा विषय नव्हता. 'ते सहा घेतल्याशिवाय मी सही करणार नाही.' तुमचं वाजलंही होतं ना त्यावरून? … मग? मी काय घरात नव्हते का?

… काय? हे गेल्याचं जर्नलला कळवलंच नाहीत? … कागदपत्रं वाढतात. बरं. म्हणजे त्यांच्या लेखी हे जिवंत आहेत, आणि यांना सगळं कबूल आहे.

… लेकीला मधे आणू नका. बापाचं नाव छापलेलं हवंय तिला, माहितीय. मलाही हवंय. बारा वर्षं घातली यांनी त्यात.

हं… पाचपर्यंत मुदत. आणि नाही दाबलं तर? … नुसतं यांचं नाव गाळणार? आणि औषध तसंच पुढं जाणार?

… तुमची नोकरी यावर आहे, कळतं हो मला. … हो, हो… पण खाली 'अमान्य' पण आहे. कारण लिहायला चौकट दिलीय. … लिहितेय. 'लेखक हयात नाहीत. मी त्यांची पत्नी. आधीची संमती मी दिली, त्यांची नव्हती. रुग्ण साठ होते. वही माझ्याकडे आहे.'

… ओरडू नका भाऊजी. गेलं. पाठवलं.

… हो, नाव जाईल. कळतंय. … नाही, रडत नाहीये. … रडतेय. फार वाईट वाटतंय मला.

… आत्ता? वही न्यायला? … नाही. आज नका येऊ. … उद्याही नको. ठेवते.