बाजूची सीट

नाही हो भैया, फाटलेली नाही, ती शिलाईची रेघ आहे. हात लावून पाहा ना. लावा, लावा. फोटोत टाकली होती तीच सीट, तुम्ही एवढ्या उन्हात अभनपुरहून आले अन् मी का तुम्हाले दुसरी दाखवीन? बसून पाहा. मागे टेका, पाय लांब करा — आहे ना मजा? पण ते ट्रॅक्टरवर बसवतो म्हणाले, ते खरंच? अगा बाई! स्पोर्ट्स कारची सीट अन् धानाच्या बांधीत! बसवा, बसवा, तिले तरी जरा मोकळी हवा लागू द्या. तुम्ही हिंदीतच बोला बिनधास्त, मी मराठीत बोलते — तुमची माय गोंदियाची म्हणाले ना फोनवर? मग घरचेच झाले तुम्ही. पाणी आणू? बरं, राहू द्या.

काहून काढली म्हणता? सीटमध्ये काही बिघाड नाही हो. बिघाड असलाच तर तो माझ्या नवऱ्यात आहे, अन् तो काही मी ऑनलाईन टाकला नाही — अजून. यशदीप नाव त्याचं. प्लांटमध्ये इंजिनियर, साहेब माणूस, पोट असं पुढे, अन् चाळिशी लागल्यावर याले शौक कशाचा लागला, तर ड्रॅग रेसचा. माहीत आहे काय असते ते? सरळ रस्ता. दोन गाड्या. हिरवी बत्ती लागली की सुसाट सुटायचं, पाव मैल गेलं की संपलं. वळण नाही, घाट नाही, कुठे पोचायचं नाही. इकडे आपण शिंकलो की तिकडे रेस खतम! त्याच्यासाठी यानं दोन दाराची लाल गाडी घेतली सेकंडहँड — तिच्यातलीच ही सीट. दर मोसमात एक क्लबवाले अभनपुरकडे एका सेठच्या खाजगी पट्टीवर रेस भरवतात, सगळं कायद्यानं, हेल्मेट-बिल्मेट घालून. तिथे याले टायमिंग कमी करायचं होतं. बस्स, टायमिंग! घरात सकाळ-संध्याकाळ तोच जप.

आधी गाडीचा कम्प्युटर बदलून घेतला. मग सायलेन्सर असा बसवला, का चौकात गाडी आली तर आमच्या पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, म्हातारे उठून बसतात. मग टायर आणले, चिकट — रस्त्याले धरतात म्हणे. गाडी इतकी खाली टेकवली का सदर बाजारातल्या साध्या स्पीडब्रेकरवर पोट घासते — गाडीचं हो, त्याचं नाही, त्याचं घासलं असतं तर बरं झालं असतं. एवढं करून टायमिंग तिथंच. मग कोणीतरी डोक्यात भरवलं, वजन कमी करा. झालं! साहेबांनी राईस मिलवाल्या दोस्ताकडून पोतं मोजायचा काटा आणून ठेवला व्हरांड्यात. स्टेपनी निघाली, गेली काट्यावर. गाणे वाजवायची मशीन निघाली. मागची सीट. खालचं कार्पेट. अन् एसी! भैया, रायपूरचा मे महिना, अन् या माणसानं गाडीतला एसी काढला! घामानं भिजून ऑफिसात जाते अन् लोकांले सांगते, ‘पॉवर टू वेट’. सगळं मोजलं. जॅक मोजला, पाना मोजला, पायपुसणं मोजलं. एकच गोष्ट त्या काट्यावर चढली नाही, अन् ती गोष्ट रोज रात्री आपल्या आईच्या हातच्या पोळ्या तुपात भिजवून खात होती.

अन् एका रविवारी ही निघाली. माझी सीट. मी म्हटलं, अरे मी कुठे बसू? तर म्हणते कसा, “अपर्णा, समजून घे ना, रेसमध्ये बाजूच्या सीटचं काम काय?” काम काय! या सीटवर बसून मी किती काम केलं ते मलेच माहीत. पाण्याची बाटली धरायची, झाकण उघडून द्यायची. संत्रं सोलून फोड फोड तोंडात द्यायची. टोलचे सुट्टे काढायचे. पुढे गड्डा आहे सांगायचं, अन् सांगितल्यावर “दिसते मले” ऐकून घ्यायचं. एवढं सगळं काम, अन् काट्यावर सीट गेल्यावर हा खूश — “पाहा, केवढी हलकी झाली गाडी!” मी त्या दिवशी मोरीत नळ सुरू करून रडली, भैया. खरंच रडली. आता कोणाले सांगायची गोष्ट आहे का ही? पण तुम्ही काय, सीट घेऊन चालले जाल.

तर रेसचा दिवस. माझा नवरा स्पोर्ट्स कारनं गेला अन् मी बसनं — डबा घेऊन! हसून काय राहिले, खरं सांगून राहिली. मेथीचे पराठे, लसणाची चटणी. मी पोचली तर यानं गाडी सोडलेली. धूर केला, टायर जाळले, आवाज केला, नुसता थयथयाट — अन् टायमिंग? तेच. तसूभर हललं नाही. तो प्रशिक आहे ना, याच्या गाडीचं काम करते तो, भल्ला मस्करा माणूस. म्हणते, “दादा, गाडीत आता एकच जड सामान उरलं.” सगळे खदाखदा हसले. यशदीपचं तोंड लाल. अन् रागारागात म्हणते, “मग काय, हिले बसवू का आता?” माझ्याकडे बोट करून! लोक अजून जोरात हसले. मी डबा खाली ठेवला. म्हटलं, बसते ना. तू गाडीत एकच सीट ठेवली, मग मी दुसरी कुठे बसू?

हव, बसली. लायसन आहे ना माझ्याजवळ, लग्नाआधीचं. अन् रोज सदर बाजारातून स्कूटी काढणाऱ्या बाईले हिरवी बत्ती शिकवायची का कोणी? मी धूर नाही केला, आवाज नाही केला. क्लच असा सोडला, हळू, जसं पाळण्यातलं लेकरू जागं नाही झालं पाहिजे. अन् मग दाबलं. आई गं! भैया, काय सांगू तुम्हाले. बाजूले कोणी नाही, कोणी बाटली मागत नाही, पाठ जी सीटले चिकटली ती चिकटलीच. मी ओरडली हो आतमध्ये! आजवर अशी ओरडली नव्हती. अन् टायमिंग? त्याच्यापेक्षा कमी! चांगलंच कमी. प्रशिकनं खडूनं बोर्डावर लिहिलं, अन् माझ्या नवऱ्यानं पराठ्याचा हात पुसता पुसता तो बोर्डही पुसला. चुकून म्हणे.

घरी आल्यावर काही दिवस गाडीले हात नाही लावला. मग एकदम लाडात आला. “अपर्णा, आपण गाडी फॅमिलीची करू. एसी बसवू, गाणे बसवू, तुझी सीट बसवू. मले फार वाईट वाटलं होतं गं, तुझी सीट काढली तेव्हा.” तेव्हा वाटलं होतं म्हणे! अन् इकडे प्रशिकनं पुढच्या रेसले माझं नाव टाकून ठेवलं आहे, ते काय याले माहीत नाही? बरोबर माहीत आहे. सीट बसली का पुन्हा बाटली, पुन्हा संत्रं, पुन्हा “दिसते मले”. आज गेला आहे पंडरीच्या कापड बाजारात — मखमल आणाले. या सीटचं कव्हर शिवते म्हणे माझ्यासाठी, जांभळ्या रंगाचं. मिस्त्री दुपारी येणार आहे बसवाले…

म्हणजे — नाही, म्हणजे त्याले माहीत आहे ना, विकायचं. बोलणं झालं आमचं. झालंच समजा. तुम्ही असे काहून पाहून राहिले माझ्याकडे? चोरीची थोडी आहे, माझी सीट आहे, मी बसत होती. भाव? भावाचं काय घेऊन बसले, जे द्यायचं ते द्या, नाही दिलं तरी चालते, तुम्ही फक्त —

थांबा. ऐकू आलं? नाही, विमान नाही ते. चौकातून आला तो. उठा भैया, उठा, धरा तिकडून! मागचं दार इकडे आहे, त्याची आई झोपली आहे, आवाज करू नका. हे पोतं टाका वरून. बोल्ट? बोल्ट पण घ्या, ते डब्यात आहेत, सगळे घ्या, एकही ठेवू नका इथे. काय? मी काय सांगीन त्याले?

सांगीन, गाडीचं वजन कमी करून राहिली. निघा आता.