एक सोपं गाणं, न थांबता

...आणि वर मलाच विचारतात, "सर, एवढं काय अवघड आहे त्यात? सोपं गाणं घ्यायचं!" सोपं! तुम्हाला सांगतो, हा शब्द ज्यानं कोणी शोधला ना, त्याच्या गळ्यात एकदा गिटार अडकवावी, शेजारी आमचा ड्रमवाला बसवावा आणि बाहेरून कडी लावून घ्यावी. अहो, मी भूगोल शिकवतो. नद्या, पर्वत, वारे. जगातलं कुठलंही वारं कुठून कुठे वाहतं ते मला झोपेतून उठवून विचारा. पण आमच्या शाळेतलं वारं कधी कुठे फिरेल, ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

झालं काय, शिक्षकांची मीटिंग चालली होती. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, शिस्तीवर बोलत होत्या. त्या शिस्तीवर बोलायला लागल्या की माझं डोकं जरा बाहेर फिरून येतं, हात मात्र टेबलावर राहतात. त्या दिवशी ते नुसते राहिले नाहीत, वाजायला लागले. टकटक, टकाटक, टकटक... बाई बोलायच्या थांबल्या. चष्म्यावरून आधी माझ्या बोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मनात म्हटलं, गेलो. तर म्हणतात कशा, "तुम्हाला तालाचं अंग आहे वाटतं. मग शाळेचा बँड तुमच्याकडे."

आता शाळेचा बँड म्हणजे काय, ते ऐका. संगीताचे सर नोकरी सोडून गेले, त्यांच्या मागे उरली जिन्याखालची एक खोली, एक ड्रमसेट, दोन गिटारी, आणि चार मुलं, जी मधल्या सुट्टीत त्या कुलूपबंद खोलीच्या दाराशी डबा घेऊन बसायची. मोठ्या बाईंना ती खोली हवी होती. कशाला? मोडके बाक ठेवायला! पण सरळ "खोली द्या" म्हणणं बाईंच्या स्वभावात नाही, त्या अट घालतात. वार्षिक कार्यक्रमात बँडनं एक गाणं वाजवायचं. रॉक बीक काय असेल ते असो, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न थांबता. वाजलं, तर खोली बँडची. मध्ये थांबलं, तर बाकांची. आणि जाता जाता म्हणाल्या, "काही नाही हो सर, सोपं गाणं घ्या."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, पण तुम्हाला कुठे येतं?" मी म्हटलं, विसरलीस का, लग्नाआधी तुझ्यासाठी गिटार वाजवली होती. ती शांतपणे म्हणाली, "म्हणून तर विचारतेय."

बरं, मुलं म्हणाल तर एकेक नग. ड्रमवर जो होता त्याला सगळे वादळ म्हणायचे. गाणं कुठल्याही वेगानं सुरू करा, संपताना तो एकटाच पुढच्या गावात पोचलेला. गाणाऱ्याचं नाव काका, कारण त्याचा आवाज नुकताच फुटत होता, वाक्याच्या सुरुवातीला पुतण्या आणि शेवटी काका. जाड तारांची ती बेस गिटार वाजवायचा तो मुनी. मुनी का? तर वर्षभरात वर्गात त्याचा एक शब्द कोणी ऐकलेला नाही. हजेरीलासुद्धा हात वर करतो. आणि गिटारवर चिमटी, चौघांत एकटी मुलगी. हात एवढासा, बोटं त्याहून एवढीशी, पण जिद्द अशी की तारांनी बोटांना वळ पडले तरी हूं की चूं नाही. पहिल्या दिवशी मी कुलूप उघडलं आणि ती चौघं आत अशी काही धावली, जणू कुणी घरची किल्ली परत दिली. मुनी चक्क हसला. मी मनात म्हटलं, ही खोली गेली तर हा पोरगा हसायला जाणार कुठे?

तर, सोपं गाणं. इंटरनेटवर शोधलं. तिथे एक दाढीवाला आहे, मांडीवर गिटार घेऊन बसलेला, तो प्रत्येक गाण्याला म्हणतो, "मित्रांनो, अगदी सोपं आहे, फक्त दोन कॉर्ड!" कॉर्ड म्हणजे बोटांनी तारा दाबायची एक ठरावीक पकड. दोनच? मी खूश. मुलांना बसवायला घेतलं तर कळलं, त्यातल्या एका कॉर्डला पहिल्या बोटानं सगळ्याच्या सगळ्या तारा आडव्या दाबून धरायच्या. चिमटीनं एक बोट ठेवलं, पोचलं नाही. दोन ठेवली. मग दुसरा हात आणला. मग मुनीनं आपलं बोट उसनं दिलं. एक कॉर्ड आणि माणसं दोन! दाढीवाल्याचं बोट केवढं होतं ते त्यानं सांगितलंच नव्हतं.

मग दुसरं घेतलं. चिमटीला सोपं, अगदी लोण्यासारखं. पण काकाला वर चढायचं होतं. तो चढला... चढला... आणि मध्येच आवाज खाली पडला तो सापडेचना. आम्ही सगळे वाट बघतोय. तो म्हणाला, "सर, येईल आता." आला, पण दुसऱ्याच कोणाचा तरी.

मग मी म्हटलं, हळू गाणं घेऊ. हळू म्हणजे सोपं, बरोबर? साफ चूक! हळू गाणं म्हणजे वादळाला उपास घडवण्यासारखं. दोन ठोक्यांच्या मध्ये जी मोकळी जागा असते ना, ती त्याला बघवत नाही. विरहाचं गाणं, प्रेयसी अजून गेलीसुद्धा नव्हती आणि ह्यानं गाणं संपवून काठ्या खाली ठेवल्या. चौघांना एकदम सोपं, असं गाणं जगात आहे का हो? एकाला सोपं करावं तर दुसऱ्याच्या मुळावर.

आणि एखादं चौघांच्या आवाक्यात आलंच, तर वर मोठ्या बाई बसलेल्या. त्यांना आधी गाण्याचा अर्थ सांगायचा. एक सांगितलं. म्हणाल्या, "ह्यात मुलगा घर सोडून जातो. समोर पालक बसणार आहेत, सर." दुसरं सांगितलं. "ह्यात तो शाळेलाच नावं ठेवतोय." तिसऱ्यात तर तो भरधाव गाडी चालवत होता. म्हणाल्या, "लायसन्स आहे का त्याच्याकडे?" मी काय सांगू? रॉक गाण्यातला माणूस कागदपत्रं घेऊन फिरतो का? त्या निघाल्या, आणि दारातून वळून म्हणाल्या, "सोपं आणि सभ्य." म्हणजे बघा, अटीला पिल्लू झालं.

शेवटी सापडलं! एका पावसाळी रस्त्यावर एक मुलगा मित्राची वाट बघतोय, बस्स, एवढंच. सभ्य! तीन कॉर्ड, त्याच त्या. काकाला चढ नाही, वादळाला वेग आहे, मुनीला एकच सूर धरून बसायचंय. फक्त प्रत्येक कडव्यात एका जागी, "अजून आला नाही" म्हटलं की चौथी कॉर्ड यायची. एकदाच! मी म्हटलं, एकदा तर आहे, तेवढं सोपं आहे. इथे मी फसलो.

चिमटीचं बोट त्या कॉर्डवर पोचायला वेळ लागायचा. बाकीचे पुढे निघून जायचे आणि ती मागे एकटी. तिचे डोळे भरायचे, पण रडायची नाही. मला बघवेना. मग मी काय केलं, त्या जागी आलो की हात वर करायचा आणि ओरडायचं, "थांबा! बोट!" सगळे थांबायचे. तिचं बोट तारेवर बसायचं. मग मी म्हणायचो, "हां... चला!" की सगळे पुन्हा सुरू. रोज हेच. थांबा, बोट, हां, चला. पुढे पुढे तिचं बोट वेळेवर पडायला लागलं, अहो, अगदी घड्याळासारखं! मी निश्चिंत झालो. मी ओरडणं बंद केलं की हे आपोआप सरळ वाजवतील, असं मी गृहीत धरलं. एकदा करून बघायचं तर? नाही. भूगोलवाला माणूस, सगळं नकाशावर बघणार.

कार्यक्रमाचा दिवस. हॉल भरलेला. पहिल्या रांगेत मोठ्या बाई, मागे बायको. मी पडद्याआड, आणि चुकून ओरडू नये म्हणून दोन्ही हात तोंडावर. सुरुवात काय झाली म्हणून सांगू! काकाचा आवाज जागेवर, वादळ ताब्यात. माझा ऊर भरून आला हो. आणि काकानं म्हटलं, "अजून आला नाही..."

चौघं थांबली.

एकदम, एका क्षणी. चिमटीचं बोट तारेवर कधीच पोचलेलं होतं! पण ह्या जागी थांबायचं असतं, एवढंच त्यांना ठाऊक. ह्या जागेवरून पुढे कसं जायचं ते मी त्यांना कधी शिकवलंच नव्हतं. ती माझ्या आवाजाची वाट बघतायत, मी तोंड दाबून उभा. मला डोळ्यांसमोर मोडके बाक दिसायला लागले, एकावर एक रचलेले.

आणि मुनी पुढे आला. मुनी! माइकपाशी. हात वर केला, अगदी माझ्यासारखा, मान वाकडी करून, माझ्या ह्या नाकातल्या आवाजात म्हणाला, "थांबा! बोट!"

चिमटीनं त्याच्याकडे बघितलं. पोचलेलं बोट उचललं, लोकांना दाखवलं, आणि हळूच तारेवर ठेवलं.

"हां... चला!"

आणि वादळ कोसळलं! हॉलला काही कळेना, मग एक हसला, दुसरा हसला, टाळ्या सुरू झाल्या. दुसऱ्या कडव्यात त्या जागी मागच्या दोन रांगा ओरडल्या. तिसऱ्यात अख्खा हॉल, "थांबा! बोट!", आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज माझ्या बायकोचा. मी पडद्याआड हसत होतो की रडत होतो, मलाच ठाऊक नाही.

गाणं संपलं तसं मोठ्या बाई आत आल्या. मी म्हटलं, आता अट निघणार. म्हणाल्या, "सर, न थांबता म्हटलं होतं मी." मी मान खाली घातली. तर म्हणतात कशा, "पण थांबणं काय बसवलंय! चौघं एका क्षणी थांबतात. मी इतकी वर्षं शिस्तीवर बोलतेय, अशी थांबलेली मुलं मला एकदाही मिळाली नाहीत. बाक गच्चीवर ठेवू."

खोली राहिली. मुनी आता हजेरीला "हजर" म्हणतो, तेही माझ्याच आवाजात. माझं मात्र रस्त्यानं चालणं मुश्कील झालंय. दूधवाला हात वर करतो, "थांबा! बोट!" परवा दाताच्या डॉक्टरकडे गेलो, मी तोंड उघडून पडलेला, त्यानं आत बोट घातलं आणि तो आणि नर्स एका सुरात... जाऊ दे.

आणि पुढच्या वर्षीही बाईंना हेच गाणं हवंय, थांबण्यासकट. पण चिमटीचा हात आता इतका तयार झालाय की बोट जरा उशिरा टाक म्हटलं तर टाकताच येत नाही, आपोआप पडतं. म्हणून रोज मधल्या सुट्टीत, जिन्याखालच्या त्या खोलीत, मी तिला उशीर करायला शिकवतोय... आणि तुम्हाला सांगतो, ते अजिबात सोपं नाही.