इंजनाचं पाणी

जीपचं विचारताय, पण ती पहिल्यांदा चालू केली ते मी सहसा सांगत नाही. बहात्तरच्या दुष्काळात सोनईत मी आणि बाबूमिस्त्रीनं भंगारातली जीप उभी केली. दसऱ्याला पूजा झाली की इंजन चालू करायचं, असं ठरलं.

मिस्त्री म्हणाला, "रेडिएटरला घागरभर पाणी लागंल. कोरडं चालवलं तर इंजन जाम हुईल."

आईनं टँकरची घागर आणून टेकवली. "वता," म्हणाली.

घागर टेकल्याचा आवाज ऐकून दोन दिवस बसून असलेला हरण्या बैल उठून उभा राहिला. मी मिस्त्रीकडं पाहिलं.

"इंजन थांबंल वरीसभर," तो म्हणाला.

हरण्यानं घागर संपवली.

पुढच्या दसऱ्याला इंजन पहिल्याच झटक्यात चालू झालं. आई आतून ओरडली, "बंद कर, हरण्या बुजंल!"

गोठा उन्हाळ्यापासून रिकामा होता.